मावशीचं इंग्रजी, काकांचं इंग्रजी

मावशी गेल्याची बातमी काकांनी मला इंग्रजीत दिली. सकाळची वेळ होती. मी उज्जैनच्या फ्रीगंजात पोह्यांच्या गाडीपाशी उभा राहून, हल्ली सेव पूर्वीसारखी का राहिली नाही या विषयावर पोहेवाल्याचं बौद्धिक घेत होतो. तेवढ्यात फोन वाजला. "नंदू," काका म्हणाले, "शी इज गॉन." बस, एवढंच. मग पलीकडे शांतता... आणि अलीकडे मी! "अहो कधी? कसं काय? परवा तर मी भेटून गेलो, चांगली बसली होती, डॉक्टरांना बोलावलं का, मीनलला पुण्याला फोन केला का, तुम्ही एकटेच आहात का..." मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून परत मराठीत असा मी घसरत राहिलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. पोहेवाला म्हणाला, "क्या हुआ भिया, सब ठीक?" मी त्यालाही सविस्तर सांगायला लागलो होतो. मग लक्षात आलं की डोळ्यांतून पाणी येतंय आणि हातातली प्लेट वाकडी झालीय.

आता यात नवल असं की काकांना इंग्रजी येत नव्हतं. जन्म उज्जैनचा, नोकरी सिंचाई खात्यात, फायलींवरचे शेरे सगळे हिंदीत. घरी मराठी, पण तीही मोजून-मापून, जणू खात्यातूनच मंजूर होऊन यायची. असा माणूस आयुष्यातली सगळ्यात अवघड बातमी इंग्रजीत का सांगतो, हे कळायचं तर आधी मावशी कळायला हवी.

सुलभा मावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. काका म्हणजे तिचे यजमान, आणि पुण्याची मीनल ही त्यांची मुलगी. आमचं आजोळ म्हणजे पिढीजात कारकून. पूर्वज दरबाराबरोबर माळव्यात आले ते दौत-लेखणी घेऊन, आणि तेव्हापासून एका ओळीच्या कामाला पानभर लिहिणं हा आमच्याकडे संस्कार समजतात. माझ्यात तो पुरेपूर उतरलाय. मी बँकेत नोकरीला; माझं पत्र पुढे आलं की साहेब आधी चहा मागवतात, असं म्हणतात. मावशी तेवढी या घराण्यात चुकून जन्माला आली होती. तिला लांबण सोसायचीच नाही. लग्नाच्या आमंत्रणाला आलेल्या माणसाचं प्रास्ताविक चालू असतानाच ती विचारायची, "तारीख काय? येते."

मुलींच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत तिने इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर माधव नगरातल्या घरी, पुढच्या खोलीत, मोठ्या माणसांचा क्लास सुरू केला. पाटी नाही, जाहिरात नाही. महाकालाच्या आजूबाजूला हॉटेलं वाढली तशी तिथली मुलं-मुली यायला लागली, कुणी दुकानदार, कुणाच्या मुलाचं बिऱ्हाड परदेशात. यांना इंग्रजी येत नसे असं नाही. उलट मावशीचं म्हणणं असं की, "नंदू, या लोकांना इंग्रजी कमी येत नाही रे, जास्त येतं. माणूस घाबरला की शब्द वाढवतो. माझं काम शिकवायचं नाही, भीती काढायची. भीती गेली की वाक्य आपोआप आटपतं."

ती भीती काढायची तिची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. वाक्य लिहून आणलं की ती ते वाचायचीच नाही. स्वतः स्वयंपाकघरात जायची, गॅसवर कुकर चढवायची आणि तिथून ओरडायची, "हां, अब बोलो!" शिकणाऱ्याने पुढच्या खोलीतून, मधला बोळ ओलांडून, कुकरच्या फुसफुशीवरून आपलं वाक्य तिच्यापर्यंत पोचवायचं. लांब वाक्य अर्ध्या वाटेत दम तोडायचं. मावशी आतून म्हणायची, "नहीं आया! फिर से!" दुसऱ्या खेपेला माणूस दोन-चार शब्द आपणच टाकून द्यायचा, तिसऱ्या खेपेला आणखी. शेवटी जे आत पोचायचं ते खरं वाक्य. मग ती हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "देखा? बाकी सब डर था."

भैरवगढचे इरफान भाई तिचे लाडके विद्यार्थी. घरचा कापडछपाईचा धंदा, चादरी बाहेरदेशी पाठवायच्या म्हणून शिकायला आले. पहिल्या दिवशी त्यांनी उभं राहून सुरू केलं की, रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिगार्ड्स आय बेग टु इन्फॉर्म यू दॅट द सेड बेडशीट... आणि कुकरची शिट्टी झाली. इरफान भाई थांबले. "मैडम, अभी तो चादर तक ही पहुँचा था." मावशी आतून म्हणाली, "चादर से ही शुरू करो ना, भाई! ग्राहक चादर लेने आया है कि सलाम लेने?" शेवटी त्यांचं वाक्य झालं, 'प्रिंटेड बाय हँड. द कलर विल स्टे.' इरफान भाई खूष पण जरा हिरमुसलेही. म्हणाले, "इतना छोटा? लगेगा कि अनपढ़ ने लिखा." मावशी म्हणाली, "लगेगा कि जिसने छापा, उसी ने लिखा." मी तिथे खुर्चीवर बसून हे सगळं ऐकत होतो आणि सुज्ञपणे मान हलवत होतो. मग तिने मला उभं केलं. साहेबांच्या निरोपाचं माझं भाषण खिशात होतं. पहिल्या वाक्यातच कुकरचा गॅस बंद करायची वेळ झाली. वरण गाळ झालं, पण माझं क्रियापद काही आलं नाही.

या सगळ्यात काका कुठे? फ्रीगंजात, घड्याळाच्या टॉवरकडे. क्लासची वेळ झाली की ते पिशवी उचलायचे. "जरा टॉवरपर्यंत जाऊन येतो." कामं काय तर सेव, वर्तमानपत्र, कधी नळाचा वायसर. मावशीने कितीदा म्हटलं, "अहो, बसा ना कधी तरी, मजा येते." त्यावर काकांचं ठरलेलं, "एका घरात एक मास्तर पुरे." दोघांत भांडण नव्हतं, प्रेम होतं म्हणायचं तर ते काढून दाखवायची पद्धत नव्हती. भाजी आवडली तर काका म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." मावशीने नवी साडी नेसली तर, "किल्ली घेतलीस ना?" एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांचं बोलणं भाजी, बिलं, नळाचं पाणी आणि आमच्यासारखे नातेवाईक यांच्यावर चालायचं. चालायचं म्हणजे मावशी बोलायची आणि काका "हं" म्हणायचे. ऐकलं की नाही ते त्या "हं"वरून कळायला मार्ग नव्हता.

मागच्या वर्षी थंडी संपता-संपता मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, तो पुढे थोडा सुधारला. पण वाचा गेली. आम्ही सगळे पलंगाभोवती. तिने काही सांगायला ओठ हलवले की आम्ही पाचजण पाच वाक्यं पुरी करून द्यायचो. "पाणी हवंय का? उशी वर करू? मीनलला बोलवू?" ती डोळे मिटून घ्यायची. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापणाऱ्या बाईला आता आमची वाक्यं निमूट ऐकावी लागत होती.

मग एक दिवस ती बोलली. इंग्रजीत. "टू मच नॉइज." नर्स डॉक्टरांना बोलवायला धावली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मेंदूत कुठल्या भाषेचं घर कुठे असतं आणि कुठलं आधी उघडेल, सांगता येत नाही. आईची भाषा बंद आणि शिकलेली चालू, असंही दिसतं. मराठी पुढे येईल, कदाचित नाहीही येणार. मीनल रडायला लागली, मी धीर द्यायला लागलो. काका मात्र कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. ते हळूच म्हणाले, "म्हणजे... मला काय कळणार?"

मावशी घरी आली. मीनलला पुण्याची नोकरी, ती किती राहणार? राहिले ते दोघं. ती "विंडो" म्हणायची, काका टॉवेल आणायचे. ती "नॉट नाऊ" म्हणायची, काका घाईघाईने औषध काढायचे. कधी ती चिडून भिंतीकडे तोंड करायची आणि काका तसेच हातात पेला धरून उभे. मी गेलो की दारातच विचारायचे, "नंदू, सकाळी ती 'कर्टन' म्हणाली. ते काय?" मी पडदा म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "अरे... मी तिला कंगवा दिला." एकदा म्हणाले, "बायको समोर आहे रे, पण ट्रंक कॉल लागत नाही अशी गत आहे."

तेव्हा मी, म्हणजे बँकेतला इंग्रजीचा स्तंभ, पुढे सरसावलो. म्हटलं, काका, काळजी करू नका, मी शिकवतो. दुपारभर गॅलरीत बसून मी त्यांच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं. माणूस कसा भिडला होता! इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले, हातात कपबशी घेतली, पलंगापाशी सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "आय हंबली बेग टु एन्क्वायर वेदर यू आर अ‍ॅट प्रेझेंट डिझायरस ऑफ टी."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग तिचं पोट हललं, खांदे हलले आणि ती हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळ्यांत पाणी, पण हसणं अगदी तिचंच. काका घाबरून म्हणाले, "चुकलं का?" तिने डावा हात उचलला, दोन बोटांची कात्री केली आणि हवेत कापायला लागली. हे काढ, तेही काढ, ते तर काढच. सगळं कापून झाल्यावर काकांच्या हातातल्या कपाकडे बोट दाखवून म्हणाली, "टी?"

काका म्हणाले, "टी?"

"येस."

मी निमूटपणे गॅलरीतली खुर्ची आत आणून ठेवली. माझी मास्तरकी एका दुपारची ठरली.

पण त्या हसण्याने मावशी जागी झाली. दोन-चार दिवसांत तिने फर्मान काढलं, "ओपन द क्लास." हॉटेलात कामाला असलेली पूजा, तिच्या बरोबरचे, इरफान भाई, सगळे परत आले. पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर मावशी, समोर विद्यार्थी. बोलायचे ते, आणि ती नुसती कात्री चालवायची. आणि शेवटच्या खुर्चीवर, पिशवी मांडीवर घेऊन, काका. पिशवी कशाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. त्या वेळेला हातात पिशवी असायची सवय, म्हणून. पूजा म्हणायची, "अंकलजी सबसे पहले आके बैठते हैं, और सबसे ज़्यादा डाँट खाते हैं."

आता क्लासमध्ये चालायचं ते हॉटेलचं इंग्रजी. त्यामुळे काका जे शिकले ते सगळं रिसेप्शनवरचं. सकाळी मावशी उठली की हे पलंगाशी हजर. "गुड मॉर्निंग. डिड यू स्लीप वेल?" दुपारी, "कॅन आय गेट यू समथिंग?" तिच्या ताटात भाजी वाढून, "हाऊ इज द फूड?" संध्याकाळी गॅलरीत नेऊन बसवलं की, "यू हॅव अ नाइस व्ह्यू." समोर काय, तर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. आणि झोपताना पांघरूण सारखं करून, मनापासून, "एन्जॉय युअर स्टे." मावशी उशीत तोंड खुपसून हसायची. मी एकदा काकांना म्हटलं, अहो हे हॉटेलातलं आहे. तर म्हणाले, "असू दे. तिला आवडतं."

मला ते हसण्यावारी नेता येईना हळूहळू. कारण माझ्या लक्षात आलं, या माणसाने आपल्या बायकोला 'झोप लागली का' असं मराठीत कधी विचारलं नव्हतं. आपल्याकडे कोण विचारतं? आणि मावशी उत्तर द्यायची. "नो. बॅड ड्रीम." काका खुर्ची ओढून बसायचे. "टेल मी." ती शोधून-शोधून सांगायची, ते शोधून-शोधून समजून घ्यायचे. मध्ये खूप वेळ जायचा... पण कुणीच घाईत नसे. काकांना येत होती मोजकी वाक्यं, त्यात बिलं आणि नळ बसत नव्हते. बसत होतं ते एवढंच, की तू कशी आहेस, तुला काय हवं, मी आहे. एक दिवस मी पोचलो तेव्हा ते तिचे केस विंचरत होते, वेडेवाकडे, आणि म्हणत होते, "यू लुक नाइस." मला बघताच फणी खाली ठेवली आणि मराठीत म्हणाले, "काय रे, गाडी सावलीत लावलीस ना?"

पावसाळ्यानंतर मराठी परत यायला लागली. आधी "पुरे" आलं, मग "मीठ", मग एकदा मीनलला फोनवर स्वच्छ "जेवलीस?" घरात सण! मी जलेबी घेऊन गेलो. जलेबी तोंडात, आणि मी डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना फोनवर वृत्तांत देत होतो. काका मात्र पिशवी घेऊन निघाले. म्हणाले, "टॉवरपर्यंत जाऊन येतो." कितीतरी महिन्यांनी. मी मागोमाग गेलो. चौकात बाकावर बसले होते. म्हटलं, काका, आनंदाची गोष्ट आणि तुम्ही इथे? त्यांनी पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "आनंद आहेच रे. पण आता परत भाजी आणि बिलं सुरू होणार. मराठीत मला ते बोलता येत नाही. लाज वाटते. तिच्या तोंडाकडे बघून 'झोप लागली का' मराठीत कसं म्हणू? ती म्हणेल, यांना झालंय काय." मी काही तरी समजावायला तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदा घडलं असावं.

आम्हा दोघांपैकी कुणी हे मावशीला सांगितलं नाही. पण तिला कळलं. पुढच्या भेटीत बघतो तर ती माझ्याशी मराठी, कामवालीशी तुटकं हिंदी, आणि काका खोलीत आले की इंग्रजी. "कम. सिट. हाऊ वॉज युअर वॉक?" काकांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. ते चहा आणायला आत गेले तेव्हा मी विचारलं, "मावशी, आता मराठी येतेय ना तुला? मग काकांशी इंग्रजी का?" तिने शब्द जुळवायला वेळ घेतला. डावा हात मांडीवर हलत होता. मग म्हणाली, "इंग्रजीत... ते... ऐकतात." स्वयंपाकघराकडे बघितलं. "मीसुद्धा."

त्यानंतरची थंडी त्यांची छान गेली. हे दोन शब्द पुरे नाहीत, पण जास्त लिहिलं तर ती रागावेल. गॅलरीत ऊन खात बसायची दोघं. कधी भांडायचीसुद्धा, सेव बंद केल्यावरून. काका म्हणायचे, "ओन्ली लिटल." ती म्हणायची, "नो." पूर्वी याच विषयावर अर्धा दिवस जायचा. आता एका 'नो'मध्ये भांडण उरकायचं आणि दोघं पुन्हा टाकीकडे बघत बसायची.

त्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली. काका नेहमीसारखे पलंगाशी गेले, आपलं सकाळचं वाक्य म्हणाले, उत्तर आलं नाही. मग त्यांनी मला फोन केला. मी पोचलो तेव्हा तिचे केस विंचरलेले होते, या वेळी अगदी सरळ भांग. मी दारातच बांध फुटल्यासारखा बोलायला लागलो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा थांबलो.

आता दिवसकार्य होऊन काही आठवडे झालेत. मीनल पुण्याला गेली, काका काही केल्या तिच्याबरोबर गेले नाहीत. क्लास चालू आहे, म्हणजे पूजा आणि मंडळी येतात, आपसांत बोलतात, इरफान भाई चहाचं सामान आणतात. मी बँकेतून सुटल्यावर अधूनमधून डोकावतो. काका मराठीत पुन्हा नळ आणि बिलांवरच आलेत. कालचीच गोष्ट. फाटकापर्यंत मला सोडायला आले. "बराच वेळ झाला तुला. घरी वाट बघत असतील. फ्रीगंजच्या पुलावर गर्दी असेल, सांभाळून जा. वेळ मिळाला तर ये, नाही मिळाला तरी हरकत नाही, तुझी कामं असतात. नळ आता बरा आहे..." मी हेल्मेट घातलं, गाडी चालू केली. ते फाटकाची कडी धरून उभे. कडी लावेनात. मग गाडीच्या आवाजावरून, जरा मोठ्याने म्हणाले, "नंदू. डोन्ट गो यट."

मला खूप काही म्हणायचं होतं. मी गाडी बंद केली, स्टँडवर लावली, आणि त्यांच्या मागून आत गेलो.